दुसरा अल्बम: एकोणीस गाणी, चार वाटेकरी

हे प्रकरण चार जणांच्या एका इंडी रॉक बँडचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. पहिला अल्बम गाजला आणि दुसरा रखडला, की 'अपेक्षांचं दडपण आलं' असं म्हणून लोक मोकळे होतात. दडपण इथेही होतंच. पण करारांचे कागद आणि सेशनच्या फाइल्स शेजारी शेजारी ठेवल्या, तर काम कुठे अडलं ते बरंच नेमकं सांगता येतं.

पार्श्वभूमी

गायक, गिटारवादक, बासिस्ट आणि ड्रमर. गायक गाणं घेऊन यायचा, म्हणजे शब्द, चाल आणि ढोबळ कॉर्ड्स. बाकीचं तालमीच्या खोलीत घडायचं. पहिल्या अल्बममधली 10 पैकी 8 गाणी रेकॉर्ड होण्याआधी दोन-अडीच वर्षं छोट्या गिग्जमध्ये वाजत होती. जिथे लोक आपसात बोलायला लागायचे तिथला अंतरा पुढच्या खेपेला गळायचा, जिथे माना हलायच्या तो भाग लांबायचा. असं करायचं हे कोणी ठरवलं नव्हतं, ते होत गेलं.

रेकॉर्डिंग एका मित्राच्या तालमीच्या खोलीत, स्वतःच्या पैशाने, 11 दिवसांत उरकलं. चौघं एकत्र वाजवायचे, कानात क्लिक, म्हणजे लय पक्की ठेवणारी यंत्राची टिकटिक, नव्हता, ड्रम्सच्या माइकमध्ये गिटारचा ॲम्प सरळ सरळ ऐकू यायचा. एका छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, 500 प्रती काढल्या. समीक्षकांच्या वर्षअखेरीच्या याद्यांमध्ये अल्बम आला, पुन्हा पुन्हा छापावा लागला, आणि बँड पुढचे 18 महिने टूरवर होता.

या काळात दोन कागद झाले. पहिला कोणाच्या लक्षातही राहिला नव्हता. गाण्यांची नोंदणी करायची म्हणून गायकाने एका संध्याकाळी बसून फॉर्म भरले, आणि गीतकार व संगीतकार या दोन्ही रकान्यांत स्वतःचं नाव टाकलं. बाकीच्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण तेव्हा वाटून घ्यायला काही नव्हतंच.

दुसरा कागद म्हणजे मोठ्या इंडी लेबलशी करार. एक अल्बम, त्यापुढच्या अल्बमचा पहिला हक्क लेबलकडे, आणि ॲडव्हान्स तीन हप्त्यांत: सहीच्या वेळी, रेकॉर्डिंग सुरू होताना आणि अल्बम हाती दिल्यावर. ॲडव्हान्सला बक्षीस समजणारे बँड अजूनही भेटतात, म्हणून सांगतो: तो बँडच्या स्वतःच्या रॉयल्टीतून वळता होतो, एकूण विक्रीतून नाही. त्यामुळे लेबल केव्हाच नफ्यात गेलेलं असतं आणि बँडच्या खात्यावर मात्र देणं शिल्लकच दिसतं. गीतलेखनाचे पैसे, ज्याला धंद्यात पब्लिशिंग म्हणतात, ते सहसा या हिशेबाच्या बाहेर असतात. या प्रकरणातलं निम्मं भांडण या एका फरकातून उभं राहिलं.

अडचण

टूर संपता संपता पहिल्या अल्बममधलं एक गाणं एका टीव्ही मालिकेने घेतलं. अशा वापराला दोन परवाने लागतात. एक गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. दोन्हींना सारखीच रक्कम मिळाली. रेकॉर्डिंगची रक्कम लेबलकडे गेली, तिथे आधीचा खर्च वजा झाला आणि उरलेलं चौघांत वाटलं गेलं. गाण्याची रक्कम सबंध गायकाच्या खात्यात जमा झाली.

ज्या आठ सेकंदांसाठी मालिकेने ते गाणं निवडलं होतं, त्यात गायन नव्हतंच. होती ती बासची एक ओळ आणि तिच्यामागे टॉम या ड्रमवरचा ठेका. बासिस्टने हे कोणाला बोलून दाखवलं नाही. ती पुढच्या तालमीला स्वतःची तीन गाणी घेऊन आली. महिनाभरात गिटारवादकानेही पाच आणली. गायकाची अकरा होती, त्यातली निम्मी सांगाड्याच्या अवस्थेत. एकूण एकोणीस.

बाहेरून बघणाऱ्याला ही भरभराट वाटली असती. लेबलला तशी वाटलीही. प्रत्यक्षात तालमीत वेगळंच चाललं होतं. 'हे गाणं घेऊ या का' या प्रश्नाचं उत्तर देताना प्रत्येक जण मनातल्या मनात हिशेब करत होता. गिटारवादकाच्या गाण्यावर ड्रमर जीव तोडून वाजवेना, कारण तिथेही नाव त्याचं लागणार नव्हतं. गायकाच्या अर्धवट गाण्याला पूर्वीसारखी रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी वादनाची छोटी ओळ, सुचवायला कोणी पुढे येईना. गाणी पुष्कळ होती, पण चौघांनी मिळून केलेलं त्यात एकही नव्हतं.

दुसरी अडचण याच सुमारास सुरू झाली. करारातला दुसरा हप्ता रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर मिळणार होता आणि घरखर्चासाठी सगळ्यांनाच तो हवा होता. म्हणून एका नामांकित प्रोड्यूसरबरोबर, म्हणजे रेकॉर्डिंगची सूत्रं सांभाळणाऱ्याबरोबर, सहा आठवड्यांसाठी स्टुडिओ बुक झाला. त्या दिवशी एकोणीसपैकी एकही गाणं लोकांसमोर वाजलेलं नव्हतं.

प्रोड्यूसरची पद्धत रूढच होती: क्लिकवर आधी ड्रम्स, मग बास, मग गिटारचे थर, सर्वांत शेवटी गायन. अनेक उत्तम अल्बम असेच होतात. या बँडचं मात्र त्यात काहीतरी हरवलं. पहिल्या अल्बममध्ये ड्रमर कोरसला किंचित पळायचा आणि अंतऱ्यावर परत मागे यायचा. सगळे त्याच्याबरोबर जायचे. क्लिकवर हे चालत नाही. चौथ्या आठवड्यात सहा गाण्यांची रफ मिक्सेस ऐकल्यावर बासिस्ट म्हणाली, "चूक कुठेच नाहीये. पण आपणही कुठे नाही आहोत." तोवर रेकॉर्डिंगसाठी राखलेल्या पैशातले दोन तृतीयांश संपले होते.

मांडलेले पर्याय

मॅनेजरने काम थांबवलं आणि चौघांना दहा दिवस विचार करायला दिले. परत भेटल्यावर चार वाटा समोर आल्या.

पहिली, आहे ते पूर्ण करणं. स्टुडिओचे दोन आठवडे शिल्लक होते, लेबल खूश होतं, प्रोड्यूसरचं नाव जाहिरातीत चाललं असतं. गायकाचा कल सुरुवातीला इकडेच होता.

दुसरी, सगळं टाकून जुन्या खोलीत परत जाणं. गिटारवादकाने द स्ट्रोक्सचा दाखला दिला. 2001 च्या गाजलेल्या पदार्पणानंतर त्यांनी दुसऱ्या अल्बमचं काम प्रोड्यूसर नायजेल गॉड्रिचबरोबर सुरू केलं, ते सोडून दिलं, आणि पहिला अल्बम करणाऱ्या गॉर्डन राफाएलकडे परत गेले. 2003 मध्ये अल्बम आलाही. पण त्या अल्बमवर 'पहिल्यासारखाच आहे' हा शेरा बसला, तो ड्रमरने आठवणीने सांगितला.

तिसरी, दिशाच बदलायची. इथे रेडिओहेडचं नाव निघणं अटळ होतं. 1997 च्या अल्बमनंतर त्यांनी गिटार मागे सारली आणि 2000 मध्ये 'किड ए' काढला, तोही एकही सिंगल न काढता. हे उदाहरण सगळ्यांना आवडतं आणि बहुतेकांना लागू पडत नाही. रेडिओहेडकडे तोवर तीन अल्बम होते, मोठ्या लेबलचं पाठबळ होतं आणि स्टुडिओत महिनोन्‌महिने घालवण्याची ऐपत होती. त्याच सेशन्समधून 2001 चा पुढचा अल्बमही निघाला. आपल्या चौघांकडे उरले होते दोन आठवडे.

चौथी, सरळ थांबायचं. द स्टोन रोझेसचा पहिला अल्बम 1989 चा, दुसरा थेट डिसेंबर 1994 चा. त्यातला काही काळ जुन्या लेबलशी चाललेल्या कोर्टबाजीत गेला हे खरं, पण परत येईपर्यंत त्यांच्या भोवतालचं संगीतच बदललं होतं. शिवाय तिसरा हप्ता अल्बम दिल्याशिवाय मिळणार नव्हता, तेव्हा थांबणं म्हणजे चौघांनी नोकऱ्या शोधणं.

लेबलने नकार दिला तर काय, हाही मुद्दा आला. विल्कोचा 2002 चा अल्बम आधीच्या लेबलने नाकारला होता. बँड टेप्स घेऊन बाहेर पडला, 2001 मध्ये अल्बम स्वतःच्या वेबसाइटवर ऐकायला ठेवला, आणि शेवटी त्याच वॉर्नर समूहातल्या दुसऱ्या लेबलने तो काढला. मॅनेजरने करार उघडला. त्यात अल्बम 'तांत्रिकदृष्ट्या समाधानकारक' असावा एवढीच अट होती, 'व्यावसायिकदृष्ट्या' हा शब्द नव्हता. म्हणजे आवाज नीट असेल तर 'यात हिट नाही' या कारणावर लेबल अल्बम परत करू शकत नव्हतं. सहीच्या वेळी वकिलाने हा एक शब्द खोडून घेतला होता. त्याच्या फीमधलं सर्वांत वसूल झालेलं काम ते हेच.

पहिला निर्णय: वाटणी

कुठली वाट घ्यायची यावर बैठक दोन तास फिरत राहिली. मग ड्रमर बोलला, आणि तो पर्यायांबद्दल बोललाच नाही. तो गायकाला म्हणाला, "तू गाणं आणतोस तेव्हा ते दीड मिनिटाचं असतं. बाहेर पडतं तेव्हा चार मिनिटांचं. मधली अडीच मिनिटं कोणाची?"

माझ्या मते या प्रकरणातला खरा वळणबिंदू हाच. स्टुडिओ, प्रोड्यूसर, क्लिक हे सगळं नंतरचं.

मॅनेजरने दोन टोकाचे नमुने सांगितले. आर.ई.एम. सगळी गाणी चौघांच्या नावावर सारखी लावत असे, कोणी काय आणलं हे न बघता. दुसरं टोक द स्मिथ्स. तिथे गाणी मॉरिसी आणि जॉनी मार या दोघांची होती हे कोणी नाकारत नव्हतं, पण रेकॉर्डिंग आणि वादनाच्या उत्पन्नातही त्यांच्या ड्रमरला 10 टक्केच मिळत होते. बँड फुटल्यानंतर तो कोर्टात गेला आणि 1996 मध्ये त्याला 25 टक्क्यांचा समान हिस्सा मंजूर झाला. लेखी काहीच ठरलेलं नसल्याने कायद्याने त्यांना सरळ भागीदार मानलं.

गायकाला समान वाटणी मान्य नव्हती, आणि त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं: शब्दांवर तो महिने घालवायचा. शेवटी ठरलं ते असं. गाण्याचा 50 टक्के हिस्सा ते आणणाऱ्याचा. उरलेले 50 टक्के चौघांत सारखे, आणणारा धरून. म्हणजे आणणाऱ्याला 62.5 टक्के आणि बाकी तिघांना प्रत्येकी 12.5. हे पुढच्या गाण्यांनाच लागू. पहिल्या अल्बमची नोंदणी आहे तशीच. ड्रमरला हे शेवटचं कलम पटलं नाही, तरी त्याने सही केली.

पुढच्याच तालमीत बासिस्टने तिच्या तीनपैकी दोन गाणी स्वतःहून मागे घेतली. कोणी मागितलं नव्हतं. ती म्हणाली की ती गाणी तिला आवडतच नव्हती.

दुसरा निर्णय: लोकांसमोर आधी

प्रोड्यूसरला मॅनेजरने फोन करून काम थांबवत असल्याचं सांगितलं. ठरलेली फी द्यावी लागली. जी गाणी वापरली जातील त्यांवर त्याचा रॉयल्टीचा वाटाही कायम राहिला. तो रागावला नाही, पण नंतर संपर्कातही राहिला नाही.

मग बँडने वेगळ्या नावाने आठ छोटे गिग्ज केले. फक्त नवी गाणी. लेबलला जे सिंगल वाटत होतं ते 5 मिनिटं 40 सेकंदांचं गाणं पहिल्या चार गिग्जमध्ये पडलं, आणि दर वेळी एकाच जागी: दुसऱ्या कोरसनंतरच्या लांब ब्रिजमध्ये, म्हणजे मधल्या वेगळ्या चालीच्या भागात. स्टुडिओत याच ब्रिजवर गिटारचे नऊ थर चढवले होते. पाचव्या गिगला त्यांनी ब्रिज काढून टाकला आणि दुसरा अंतरा अर्धा केला. गाणं 4 मिनिटं 5 सेकंदांवर आलं आणि उभं राहिलं. थरांची गरज ब्रिजला का भासली होती, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

नंतरचं रेकॉर्डिंग 12 दिवसांत झालं. जुनी खोली नाही, पण तशीच एक. एकत्र वाजवायचं, क्लिक नाही, जास्तीत जास्त पाच टेक, म्हणजे रेकॉर्डिंगच्या खेपा. स्टुडिओतल्या सहापैकी एक गाणं जसंच्या तसं ठेवलं, कारण ते यंत्रासारखं वाजणं त्या गाण्याला शोभत होतं. क्लिक वाईट आणि खोली चांगली, असा सोपा निष्कर्ष या प्रकरणातून निघत नाही.

एका गाण्याने मात्र सगळ्यांना छळलं. गायकाने त्याचा डेमो स्वयंपाकघरात रात्री फोनवर गाऊन ठेवला होता, आणि नंतरचा कुठलाही टेक त्याच्या जवळ जाईना. डेमोच्या प्रेमात पडणं हा या धंद्यातला जुना रोग आहे. बहुतेक वेळा नवा टेक चांगला असतो आणि कानाला फक्त सवय झालेली असते. हे तपासायला त्यांनी दोन्ही आवृत्त्या बाहेरच्या तिघांना, कुठली कोणती हे न सांगता, ऐकवल्या. तिघांनीही डेमो निवडला. त्यात फ्रिजची घरघर होती. फिल्टर लावून ती काढली तर आवाजाची खालची ऊबही जात होती, म्हणून ती राहू दिली. मग उलट्या क्रमाने काम झालं: आधी गायन, आणि त्यावर ड्रम्स. लय पक्की नसलेल्या गाण्याच्या मागे ठेका धरायला ड्रमरला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी त्याने हेडफोनमध्ये आवाजाची पातळी वाढवून घेतली आणि गायकाचे श्वास ऐकत वाजवलं. अल्बमवर आहे तो टेक तोच.

तिसरा निर्णय: तेरा की दहा

शेवटी तेरा गाणी झाली, 57 मिनिटं. स्ट्रीमिंगला याने काही फरक पडत नाही, पण या बँडची बरीच कमाई टूरवर विकल्या जाणाऱ्या व्हायनल तबकड्यांमधून होती. 12 इंची रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण 20 ते 22 मिनिटं नीट बसतात. त्यापुढे खोबणी अरुंद करावी लागते आणि आवाजाची पातळी उतरते. म्हणजे एक तर डबल रेकॉर्ड, जवळपास दुप्पट खर्चाचा, नाही तर तीन गाणी बाहेर.

लेबलचा आग्रह कपातीचा होता. दहा गाणी, 41 मिनिटं असं ठरलं. गायक आणि मॅनेजरने मास्टरिंगच्या, म्हणजे छपाईआधी आवाजावर शेवटचा हात फिरवण्याच्या, आठवड्यात यादी पक्की केली. वगळलेल्या तीनपैकी दोन गायकाची होती, तिसरं गिटारवादकाचं. त्याचं आणखी एक गाणं अल्बमवर होतं, त्यामुळे दोघांना वाटलं की त्याची हरकत नसेल. त्याला ही यादी मास्टरिंग इंजिनिअरला पाठवलेल्या ईमेलच्या प्रतीतून कळली.

क्रमही बदलावा लागला. रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरेच घेते, पण सुई आत सरकते तसा खोबणीचा वर्तुळाकार मार्ग छोटा होतो. शेवटच्या गाण्याला दर सेकंदाला मिळणारी लांबी पहिल्याच्या निम्म्याहून कमी असते. तिथे झांजांचा आणि 'स' सारख्या वर्णांचा आवाज फाटतो. बँडला सर्वांत दणदणीत गाणं शेवटी हवं होतं. ते दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला गेलं आणि शेवटी आलं फ्रिजवालं गाणं.

परिणाम

परीक्षणं संमिश्र आली. काहींना पहिल्याची पुनरावृत्ती वाटली, काहींना पहिल्यापेक्षा सरस. दोन्ही मतं एकाच गाण्याचा दाखला देऊन मांडलेली मी वाचली आहेत. पहिल्या तिमाहीतली विक्री लेबलच्या अंदाजापेक्षा बरीच कमी होती. टूर मात्र पहिल्यापेक्षा चांगली गेली, आणि नवी गाणी आधी लोकांसमोर मुरलेली असल्याने ती पहिल्या दिवसापासून नीट वाजली. ॲडव्हान्स अजून वळता झालेला नाही. लेबलने पुढच्या अल्बमचा हक्क वापरला नाही, त्यामुळे बँड मोकळा आहे. गिटारवादक टूर संपल्यावर बाहेर पडला.

वेगळं काय करता आलं असतं

वाटणीचा कागद पहिल्या अल्बमच्या वेळीच करायला हवा होता, असं चौघंही म्हणतात. प्रत्येक गाण्याचं नाव, टक्के, चार सह्या. गाणं रेकॉर्ड झालं त्याच संध्याकाळी. पैसा नसताना हे बोलणं जेवढं सोपं जातं तेवढं पुन्हा कधीच जात नाही. मला मात्र यात एक शंका आहे. तेव्हा चर्चा झाली असती तर बहुधा 'सगळं सारखं' असंच ठरलं असतं, आणि मग दुसऱ्या अल्बमला गायकाची कुरकुर सुरू झाली असती. एकदाच ठरवून टाकण्यापेक्षा दर अल्बमला पुन्हा बोलायचं, हे कलम जास्त उपयोगी पडलं असतं.

स्टुडिओचं बुकिंग ही दुसरी जागा. हप्ता रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बांधला की पैशाची निकड असलेला बँड गाणी नसतानाही रेकॉर्डिंग सुरू करतो. करार करतानाच तो हप्ता एखाद्या तारखेला, किंवा तालमीतले ठरावीक डेमो दाखवल्यावर, असा बांधून घेता आला असता. लेबलं हे अनेकदा मान्य करतात. स्टुडिओच्या आधीच ते आठ गिग्ज झाले असते तर तोच प्रोड्यूसर, त्याच सहा आठवड्यांत, कदाचित याहून चांगला अल्बम करून गेला असता. त्याच्याकडे गाणी कच्ची आली, यात त्याचा दोष नव्हता.

गिटारवादकाच्या गाण्याबाबत मॅनेजर आजही म्हणतो की निर्णय बरोबर होता, कळवण्याची रीत चुकली. गिटारवादकाचं म्हणणं वेगळं आहे. वाटणीच्या कराराने प्रत्येक गाण्यात चौघांचा पैसा घातला, पण कुठलं गाणं घ्यायचं हे कोणी ठरवायचं, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. ती जागा रिकामी राहिली आणि जुन्या सवयीने गायकाकडे गेली. करार पुन्हा वाचला तेव्हा मला त्याचंच म्हणणं बरोबर वाटलं.

उरलेले तिघं आता तिसऱ्या अल्बमच्या तयारीत आहेत. नव्या मसुद्यात गाण्यांच्या निवडीसाठी तिघांच्याही संमतीचं कलम घातलं आहे. पहिल्या अल्बमच्या नोंदणीचा विषय ड्रमरने पुन्हा काढला आहे, आणि गायकाने त्यावर अजून उत्तर दिलेलं नाही.